हुन्नर आणि दाखला : कारागिरांच्या शिक्षणाचा एक इतिहास



खंडेनवमीस आपण घरोघरी रंधा, पटाशी, करवत, घण आणि ऐरण यांची पूजा करतो. माघ शुद्ध त्रयोदशीस विश्वकर्मा जयंतीचा उत्सव करतो. त्या त्या प्रसंगी होणाऱ्या भाषणांत आपल्या पूर्वजांच्या कौशल्याचा गौरव होतो, आणि तो होणे योग्यच आहे. परंतु तो गौरव ऐकत असता प्रस्तुत लेखकाच्या मनात एक प्रश्न नेहमी उभा राहतो. अमका मनुष्य उत्तम कारागीर आहे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? त्याच्या बापाचा, गावाचा, कारखानदाराचा, की सरकारचा? प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. पण कारागिराची मजुरी, त्याचा मान आणि त्याच्या मुलांचे भवितव्य ही तिन्ही त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात. ह्या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत आले आहे. ते कसे बदलले, त्यात आपल्या ज्ञातीचे काय गेले आणि काय मिळाले, ह्याचा थोडक्यात आढावा घेण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

श्रेणी आणि अंतेवासी

आपल्या भूमीतील कारागिरांच्या संघटना फार जुन्या आहेत. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने तीन हजार कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेविली. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व उरलेल्या एक हजारावर शेकडा पाऊण अशा दराने व्याज यावे आणि त्यातून भिक्षूंचा खर्च चालावा, अशी ती व्यवस्था होती. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. राजघराण्यातील पुरुषाने आपले द्रव्य निर्धास्तपणे कारागिरांच्या हाती सोपवावे, ह्यावरून त्या काळी श्रेणीच्या शब्दास किती वजन होते हे दिसून येते. कारागिराची पारख करणारी पहिली संस्था ही श्रेणीच होय.

शिकाऊ उमेदवाराची कल्पनाही आपल्याकडे परकी नाही. नारदस्मृतीत आणि याज्ञवल्क्यस्मृतीत शिल्प शिकण्यासाठी गुरूच्या घरी राहणाऱ्या विद्यार्थ्यास ‘अंतेवासी’ म्हटले आहे. नारदाने सांगितलेले नियम आजही वाचण्याजोगे आहेत. मुलाने आप्तांच्या संमतीने, किती काळ राहावयाचे हे आधी ठरवून, आचार्याकडे जावे. आचार्याने त्यास आपल्या घरी जेवू घालावे, पुत्रवत् वागवावे आणि शिकवावयाच्या कामाखेरीज दुसऱ्या कामास लावू नये. मुलगा मुदतीपूर्वीच शिकून तयार झाला तरी त्याने ठरलेला काळ पुरा करावा, व त्या काळातील त्याच्या कामाचे फळ आचार्याचे समजावे. मुदत, पोटगी, वागणूक आणि श्रमाचे मोल, ह्या चार गोष्टींचा करार त्यात आहे. पुढे विसाव्या शतकात संसदेने जो कायदा केला त्यातही ह्याच चार गोष्टींचा विचार करावा लागला, हे पुढे येईलच.

गावाची साक्ष

श्रेणींचे दिवस मावळल्यावर महाराष्ट्रात बलुत्याची पद्धती रूढ झाली. सुतार आणि लोहार हे बारा बलुतेदारांपैकी प्रमुख मानले जात. नांगर, कुळव, पाभर आणि गाडी ह्यांवर सर्व शेती अवलंबून असल्यामुळे त्यांचा मानही मोठा होता. सुगीला खळ्यावरून पेंढ्या आणि धान्य मिळे. वर्षभर गावाचे काम करावयाचे. मुलगा सहा-सात वर्षांचा झाला की भात्याची दोरी ओढू लागे, पुढे सांडशी धरी, त्यानंतर घण उचली. त्यास परीक्षा नव्हती, तशी प्रशस्तिपत्रही नव्हते. त्याने केलेला नांगराचा फाळ पहिल्याच पावसात वाकला तर सारा गाव हसे, आणि तीच त्याची परीक्षा असे.

ह्या पद्धतीचे गुण आपण नेहमी सांगतो. मुलास शिक्षणाचा खर्च पडत नव्हता, काम सुटत नव्हते, आणि हातातील विद्या बापाकडून मुलाकडे अखंड वाहत राहत होती. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने दोषही सांगितले पाहिजेत. हे ज्ञान घराबाहेर जात नव्हते. सुताराच्या मुलास सुतारकीची आवड नसली तरी सुटका नव्हती, आणि दुसऱ्या जातीच्या मुलास आवड असली तरी प्रवेश नव्हता. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेविले होते त्यांच्या मुलास ऐरणीजवळ उभे राहण्याचीही मुभा नव्हती. ती मुभा नाकारणाऱ्यांत आपलेही वाडवडील होते, हे प्रामाणिकपणे कबूल करावयास हवे. शिवाय हे ज्ञान लिहून ठेवलेले नव्हते. हात थांबला की विद्याही थांबे.

परकी अंमल आणि पहिल्या शाळा

एकोणिसाव्या शतकात गिरणीचे कापड, विलायती खिळे, पत्रा आणि पोलादी हत्यारे बाजारात आली आणि बलुत्याच्या व्यवस्थेस ओहोटी लागली. सरकारने कारागिरी शिकविण्याच्या बाबतीत कायदा केला तो १८५० साली. त्या वर्षाच्या एकोणिसाव्या कायद्यान्वये दहा ते अठरा वर्षांच्या मुलास एखादा धंदा शिकण्यासाठी जास्तीत जास्त सात वर्षांच्या कराराने मालकाकडे ठेविता येई. विशेषतः धर्मादायावर वाढणारी अनाथ व गरीब मुले पोटास लागावीत, हा त्याचा उद्देश होता. म्हणजे सरकारच्या दृष्टीने हस्तव्यवसाय ही त्या वेळी निराधारांची सोय होती. राष्ट्राची संपत्ती वाढविणारे शिक्षण म्हणून त्याकडे पाहण्यास अजून अवकाश होता.

मुंबईत १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तीच १९९७ पासून वीरमाता जिजाबाई यांच्या नावाने ओळखली जाते. १८९० साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या परिश्रमाने कलाभवन उभे राहिले. औद्योगिक शिक्षण देशी भाषांतून दिल्याखेरीज ते कारागिरांपर्यंत पोहोचणार नाही, असा गज्जरांचा आग्रह होता, आणि तो किती दूरदृष्टीचा होता हे पुढील इतिहासाने सिद्ध केले.

कारण मुंबईच्या संस्थांतून शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. ज्याच्या बोटांत पिढ्यान् पिढ्यांचे कौशल्य होते त्यास ही पायरी चढता येत नव्हती, आणि ज्याला ती चढता येत होती त्याच्या घरी बहुधा करवत नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये काही वर्षे अध्यापन केले, पुढे लोखंडी नांगराचा उद्योग आरंभिला आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. तेथे त्यांनी आसपासच्या खेड्यांतील माणसांना हाती धरून यंत्रांवर काम करावयास शिकविले. खेड्यातील मनुष्य यंत्रावर उत्तम काम करू शकतो, हे त्यांनी आपल्या लोकांस दाखवून दिले. परंतु हे खाजगी कारखानदाराचे कर्तृत्व होते. सामान्य कारागिरासाठी सरकारी खर्चाने चालणारी सर्वदूर व्यवस्था अद्याप निर्माण व्हावयाची होती.

युद्धाने उघडलेले दार

ती व्यवस्था युद्धामुळे निर्माण झाली, हे इतिहासातील एक विचित्र सत्य आहे. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांस आणि सैन्यास फिटर, टर्नर, वेल्डर, विजेचे काम जाणणारे असे कुशल लोक हजारोंनी हवे होते आणि ते मिळत नव्हते. म्हणून १९४० साली हिंदुस्थान सरकारच्या मजूर खात्याने तांत्रिक शिक्षणाची योजना काढली. शिकणाऱ्यास फी नव्हती. उलट त्यास सरकारकडून विद्यावेतन मिळे. १९४१ पासून ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या योजनेखाली हिंदी कामगारांच्या तुकड्या विलायतेस शिक्षणासाठी गेल्या. साध्या कामगाराने सरकारी खर्चाने समुद्रापार जाऊन धंदा शिकून यावे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

१९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची धुरा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होती. जन्मावरून ठरणारा धंदा माणसाची आवड आणि पात्रता विचारात घेत नाही, म्हणून तो उद्योगालाही घातक ठरतो, हा विचार त्यांनी १९३६ सालीच मांडला होता. धंदेशिक्षणाची सरकारी शाळा हे त्या विचाराचे मूर्त स्वरूप होय. तेथे प्रवेशासाठी बापाचा धंदा विचारला जात नाही. युद्ध संपता संपता, १९४५ साली, सैन्यातून सुटणाऱ्या जवानांच्या आणि युद्धकामगारांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र संचालनालय स्थापन झाले, आणि प्रशिक्षणाचे काम त्याजकडे आले. १९४७ साली फाळणी होऊन निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा त्यांच्यासाठीही हीच केंद्रे खुली करण्यात आली. शिकविणारे शिक्षक तयार करण्यासाठी १९४८ साली बिलासपूरजवळ कोनी येथे मध्यवर्ती संस्था निघाली.

१९५० साली ‘कारागीर प्रशिक्षण योजना’ सुरू झाली आणि देशात सुमारे पन्नास संस्थांतून तिचे काम चालू झाले. आज ज्यांना आपण ‘आयटीआय’ म्हणतो त्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा हा आरंभ होय. पुढे श्री. बी. शिवराव यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केलेल्या शिफारशींस अनुसरून १ नोव्हेंबर १९५६ पासून ह्या संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपविण्यात आला. खर्चाचा साठ टक्के भाग केंद्राने आणि चाळीस टक्के राज्याने सोसावा असे ठरले. १९६९ पासून आर्थिक व्यवस्थाही सर्वस्वी राज्यांकडे आली. १९५६ सालीच धंदेशिक्षणासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. अभ्यासक्रम काय असावा, परीक्षा कशी घ्यावी आणि प्रमाणपत्र कोणी द्यावे, हे ठरविण्यात सल्ला देण्याचे काम तिजकडे आले.

ह्या प्रमाणपत्राचे महत्त्व नीट ध्यानात घेतले पाहिजे. बलुतेदाराची कीर्ती त्याच्या पंचक्रोशीपुरती असे. शेजारच्या तालुक्यात गेला की तो अनोळखी मजूर ठरे. राष्ट्रीय परिषदेचा कागद मात्र नागपूरच्या मुलास भिलाईस आणि सोलापूरच्या मुलास बंगळूरास तितकाच उपयोगी पडू लागला. गाव सोडून निघालेल्या माणसास सोबत नेता येईल अशी साक्ष त्यास प्रथमच मिळाली.

एका मिस्त्रींची हकिकत

येथपर्यंत सांगितलेला इतिहास ग्रंथांतील झाला. आता घरातील थोडा सांगतो; तो सांगितल्याखेरीज ह्या लेखाचे तात्पर्य स्पष्ट होणार नाही.

प्रस्तुत लेखकाचे वडील बैलगाडीच्या चाकांसाठी आमच्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. त्यांचे आरे असे बसत की पाचर मारावी लागत नसे. १९६० नंतर गावात रबरी टायरच्या गाड्या येऊ लागल्या, बलुतेही बंद झाले होते, म्हणून ते पुण्याकडे आले आणि एका कारखान्यात सुतारकामाची जागा आहे असे कळल्यावरून तेथे गेले. अर्जात ‘शिक्षणाचा दाखला’ असे एक कलम होते. वडिलांकडे दाखला नव्हता. चौथीपर्यंत शाळा झाली होती. त्यांनी सोबत नेलेला स्वतःच्या हातचा एक लहानसा पेटारा दाखविला. कचेरीतील गृहस्थांनी तो कौतुकाने पाहिला आणि त्यांची नोंद ‘हेल्पर’ म्हणून केली.

त्यांना काम मिळाले ते फौंड्रीत. तेथे ओतीव लोखंडाचे भाग करण्याआधी त्याच आकाराचा लाकडी नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा करतात आणि त्यात वितळलेला रस ओततात. पॅटर्न शॉपमध्ये आयटीआयमधून नुकताच उत्तीर्ण झालेला वीस-एकवीस वर्षांचा एक तरुण पॅटर्नमेकर होता. तो आपल्या ज्ञातीचा नव्हता. ज्यांना आपल्या वाडवडिलांनी ऐरणीजवळ येऊ दिले नसते, त्या समाजातला होता. वडील त्याच्या हाताखाली होते. पहिले काही दिवस त्यांना ही गोष्ट जड गेली, हे त्यांनीच पुढे आम्हांस सांगितले.

एके दिवशी त्या तरुणाच्या अनुपस्थितीत वडिलांनी ड्रॉइंगवरील आकड्यांप्रमाणे एक नमुना केला. काम इतके सफाईदार होते की सर्वांनी वाखाणले. पण ओतून निघालेला भाग लहान भरला आणि वाया गेला. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाने मोजपट्टी काढून दाखविली.

“मिस्त्री, ही पट्टी साधी नाही. हिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा अष्टमांश इंचानं मोठा आहे. बीड थंड होताना तेवढं आवळतं. म्हणून नमुना आधीच मोठा करायचा.”

वडील क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे धावेचंच की हो, मास्तर!”

त्या तरुणास धाव ठाऊक नव्हती. तेव्हा वडिलांनी त्यास सांगितले की, चाकाची लोखंडी धाव घेराहून किंचित् लहान घ्यावयाची, गोवऱ्यांच्या आरात लाल करून फुगवावयाची, चाकावर चढवून पाणी मारावयाचे. थंड होताना ती अशी आवळते की सारे आरे आपल्या जागी गच्च बसतात. किती लहान घ्यावयाची ते लोहार डोळ्यांनी ठरवितो. तापलेले लोखंड थंड होताना आवळते, हे आमच्या घरात कित्येक पिढ्या ठाऊक होते. परंतु ते दर फुटास किती आवळते, हे कोणी मोजून लिहून ठेविले नव्हते. त्यामुळे धावेचे ज्ञान ओतकामास लावण्याचा मार्ग आम्हांस सापडला नाही.

त्या दिवसापासून दोघांचे सख्य जमले. तरुणाने वडिलांस ड्रॉइंग वाचावयास शिकविले. वडिलांनी त्यास लाकडाचा कस, गाठ आणि ओलावा नुसत्या टिचकीच्या आवाजावरून कसा ओळखावा हे शिकविले. तो तरुण पुढे फोरमन झाला. वडिलांस शॉपमध्ये सर्वजण अखेरपर्यंत ‘मिस्त्री’ म्हणत. पण दप्तरात वर्ग बदलला नाही, आणि निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटीची आकारणी झाली ती हेल्परच्याच वेतनावर. त्यांच्या हातातील विद्येची परीक्षा घेऊन तिला कागद देण्याची सोय त्या कारखान्यात नव्हती. ह्याचे त्यांना वाईट वाटे. मात्र त्या तरुणाविषयी त्यांनी कधी वावगा शब्द काढला नाही. “त्याला कुणी शिकवलं नसतं, सरकारनं शिकवलं,” एवढेच ते म्हणत.

मालकाचे कर्तव्य

शाळेत धंद्याचा पाया घातला जातो, पण हात बसतो तो कारखान्यातच. हे ओळखून संसदेने १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा संमत केला व १८५० च्या कायद्याची जागा त्याने घेतली. नारदाने सांगितलेल्या चार गोष्टी येथे नव्या स्वरूपात आल्या. उमेदवार चौदा वर्षांहून लहान नसावा, लेखी करार व्हावा, मुदत निश्चित असावी, विद्यावेतन मिळावे, कामाचे तास व रजा ठरलेल्या असाव्यात, आणि अखेरीस परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळावे. १९७३ साली पदवीधर व पदविकाधारक अभियंत्यांचा आणि १९८६ साली व्यवसायशिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यांचा ह्या कायद्यात समावेश झाला. २०१६ साली निघालेल्या योजनेप्रमाणे विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकारने उचलावयास आरंभ केला. २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनेस एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेस ते ऐच्छिक आहे.

आपल्या ज्ञातीत आज फर्निचरचे, फॅब्रिकेशनचे आणि यंत्रभागांचे कारखाने चालविणारी अनेक कुटुंबे आहेत. त्यांस एक विनंती कराविशी वाटते. पुष्कळ ठिकाणी उमेदवारास झाडलोट, चहा आणणे आणि माल उचलणे ह्यातच वर्ष काढावे लागते. नारदाने कित्येक शतकांपूर्वी जी गोष्ट निषिद्ध ठरविली ती आज आपल्या शेडमध्ये होऊ नये. ज्यांचे वाडवडील एके काळी स्वतः अंतेवासी होते त्यांनी तरी उमेदवारास स्वस्त मजूर समजू नये.

जुने हुन्नर, नवा दाखला

प्रस्तुत लेखकाच्या वडिलांसारखे लक्षावधी लोक देशात होते, ज्यांच्या हाती कला होती पण कागद नव्हता. ह्या उणिवेकडे शासनाचे लक्ष बऱ्याच उशिरा गेले. २००७ साली निघालेल्या एका योजनेत लहान लहान अभ्यासक्रमांबरोबर काम करता करता शिकलेल्या माणसाचीही परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद झाली. २०१३ साली कौशल्यांची राष्ट्रीय श्रेणीरचना अधिसूचित झाली, २०१४ साली केंद्रात स्वतंत्र मंत्रालय झाले, आणि २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ हा एक विभागच ठेविण्यात आला.

त्यापुढील पाऊल आपल्या ज्ञातीस विशेष जवळचे आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू झाली. २०२३-२४ ते २०२७-२८ ह्या पाच वर्षांसाठी तिची तरतूद १३,००० कोटी रुपयांची आहे. सुतार, लोहार, कुलूप करणारे, हातोडे व अवजारे करणारे, सोनार, कुंभार, मूर्तिकार, चर्मकार, गवंडी, नाभिक, परीट, शिंपी इत्यादी अठरा व्यवसायांतील, स्वतःच्या हातांनी काम करणाऱ्या कारागिरांस तिचा लाभ मिळतो. प्रमाणपत्र व ओळखपत्र, पाच ते सात दिवसांचे प्राथमिक आणि पंधरा किंवा अधिक दिवसांचे प्रगत शिक्षण, शिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज, अशी तिची कलमे आहेत. एका कुटुंबातील एकासच तिचा लाभ घेता येतो. अर्जदाराची पहिली पडताळणी खेड्यात ग्रामपंचायतीकडून आणि शहरात नगरसंस्थेकडून होते. म्हणजे गावाची जुनी साक्ष ह्या नव्या दाखल्याच्या मुळाशी पुन्हा येऊन बसली आहे! भेद इतकाच की, आता ती साक्ष व्यवसायाविषयी घ्यावयाची आहे. अर्जदाराने कोणत्या जातीत जन्म घेतला, ह्यावर योजनेची पात्रता अवलंबून नाही.

ही योजना स्वागतार्ह आहे. तथापि तिचे प्रमाण ओळखावे. सात दिवसांत कोणी सुतार होत नाही. ती आधीच कारागीर असलेल्या माणसास मान्यता, हत्यार आणि भांडवल देते. नवा कारागीर घडविण्याचे काम दोन वर्षांच्या आयटीआयचे आणि शिकाऊ उमेदवारीचे आहे. महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्या ओस पडू देणे आणि केवळ ओळखपत्रासाठी रांगा लावणे, हा शहाणपणा नव्हे.

आपले कर्तव्य

ह्या सर्व इतिहासाचा मथितार्थ एवढाच की, आपल्या हातांतील विद्या खरी होती, परंतु ती मोजली गेली नाही, लिहिली गेली नाही आणि वाटली गेली नाही. शासनाने ती मोजली, तिचा अभ्यासक्रम केला आणि सर्वांस खुली केली. तिच्यावरील आपली मक्तेदारी गेली, ह्याचे दुःख करण्याचे कारण नाही. ती गेली नसती तर धावेचे आणि ओतकामाचे नाते आमच्या वडिलांस कोणी समजावून दिले नसते.

आता आपल्या हाती असलेल्या गोष्टी तीन. पहिली ही की, ज्ञातीतील पन्नाशी उलटलेले कारागीर, ज्यांच्याकडे कागद नाही, त्यांची पूर्वज्ञानाची परीक्षा होऊन त्यांस प्रमाणपत्र मिळेल असे साहाय्य तरुणांनी त्यांस करावे. अर्ज भरणे, कागदपत्रे जुळविणे ही कामे वृद्धांस अवघड जातात. दुसरी ही की, शिष्यवृत्ती देताना केवळ वैद्यक व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा विचार न करता आयटीआयमध्ये जाणाऱ्या मुलांचा आणि विशेषतः मुलींचाही विचार व्हावा. आपल्या घरातील लेकींनी भाता ओढला, लाकूड घासले, रंग दिला. पण त्यांस कोणी मिस्त्री म्हटले नाही. वेल्डिंगची आणि यंत्रकामाची दारे आज त्यांस उघडी आहेत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विवाह जुळविताना ‘मुलगा हाताने काम करतो’ हे वाक्य आपल्याच बैठकीत कमीपणाने उच्चारले जाते. खंडेनवमीस ज्या हत्यारास आपण फूल वाहतो, तेच हत्यार धरणाऱ्या मुलास दुसऱ्या दिवशी नाकारणे, ही विश्वकर्म्याची पूजा म्हणता येणार नाही.

वडिलांचा तो पेटारा अद्याप आमच्या घरी आहे. त्याच्या झाकणाच्या आतील बाजूस त्यांनी पुढे केव्हातरी पेन्सिलीने एक आकडा लिहून ठेविला होता : दर फुटास अष्टमांश इंच. आमच्या घराण्यात हत्यारांच्या पेटीत लिहिला गेलेला तो पहिला आकडा होय. आपल्या पुढील पिढीच्या पेट्यांत असे आकडे अनेक असोत, आणि त्यांच्या हातच्या कामास योग्य तो दाखलाही मिळो, अशी प्रार्थना करून ही लेखणी येथेच ठेवितो.